चारशे लिटरचं कुत्रं

एकांबरम माणसांचे दोन वर्ग करायचा. पहिल्या वर्गात तो एकटा. दुसऱ्या वर्गात अख्खं विल्लिवाक्कम, आणि सवड असेल तेव्हा उरलेलं चेन्नई. उभी नोकरी बॉयलर तपासण्यात गेलेली. कारखान्यात जायचं, बॉयलरभोवती एक फेरी मारायची आणि मालकाकडे असं बघायचं की बिचाऱ्याला जन्माला आल्याची लाज वाटावी. निवृत्तीनंतर बॉयलर सुटले, बघणं काही सुटलं नाही. ते आता लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांकडे वळलं होतं.

विल्लिवाक्कमपासून कोळत्तूरपर्यंत मासे पाळणाऱ्यांची काही कमी नाही. पण गोड्या पाण्यातल्या माशांचं नाव एकांबरमसमोर काढायची सोय नव्हती. "गप्पी? गप्पी गटारात पण जगतात. मग गटाराचा सत्कार करू का?" असं तो तोंडावर विचारायचा. समुद्राचं पाणी, समुद्रातले खडक, त्यावर वाढणारी प्रवाळं, हे ज्याला जमलं तोच माणूस. अशा जमलेल्या माणसांचा एक 'उप्पुनीर संगम', म्हणजे खाऱ्या पाण्याचं मंडळ, होता आणि एकांबरम त्याचा अध्यक्ष होता. निवडणूक झालीच नव्हती. त्याच्यासमोर उभं राहायला तोंड कुणाचं होतं?

त्याची स्वतःची टाकी मात्र होतीच तशी. काच एवढी लख्ख की पाहुण्यांची नाकं आपटायची. वाळू पांढरी, पाणी निर्मळ, आणि मधोमध खडकावर हिरवट-जांभळं समुद्रफूल, ज्याच्या बोटांमध्ये एक नारिंगी क्लाउनफिश मादी सतरा वर्षं राज्य करत होती. एकांबरमच्या बायकोने, कोमळवल्लीने, तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. नाव अगदी चपखल होतं. सासूबाई आधी जेवायच्या, मग त्यांचा अंगठ्याएवढा नवरा. काच पुसायला कुणी हात घातला की त्या धावून येऊन कडकडून चावायच्या. एकांबरमला तर त्यांनी इतक्या वेळा चावलं होतं की त्याच्या मनगटाचे केस उडाले होते. पण एक सांगतो, या माणसाला जगात कुणाबद्दल आदर असेल तर तो या माशाबद्दल होता. आदर कसला, जीव होता त्याचा तिच्यावर. रोज सकाळी कॉफी घेऊन तो तिच्यासमोर बसायचा, आणि ती काचेपाशी येऊन त्याच्याकडे तुच्छतेने बघायची. दोघांचं छान जमायचं.

आणि दुसऱ्या वर्गाच्या अगदी तळाला होता माणिक्कम, कोमळवल्लीचा धाकटा भाऊ. पाडीला त्याची बेकरी. बेकरीमागच्या खोलीत त्यानेही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती, आणि ती एकांबरमच्या डोळ्यांत खुपायची. पाणी हा माणूस स्कूटरवर कॅन बांधून नीलांकरैच्या किनाऱ्यावरून आणायचा. चाचणी कसली म्हणून करायचा नाही. खायला टाकताना हात असा सैल की जणू कुणाच्या बारशाची पंगत बसली आहे. टाकीत केसाळ किडे तर विचारूच नका. इंग्रजीत त्यांना ब्रिसलवर्म म्हणतात. गोमेसारखे लांबट, गुलाबी, दोन्ही बाजूंना काचेच्या धाग्यासारखे बारीक केस. शहाण्या टाकीत ते अंधार पडल्यावर लपतछपत निघतात. माणिक्कमच्या टाकीत भर दुपारी काचेवर फिरायचे.

"ही टाकी आहे का रे?" एकांबरम विचारायचा. "हे मंगल कार्यालयाच्या मागचं अंगण आहे."

"असू दे हो, अत्तान," माणिक्कम हसायचा. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला ते लोक अत्तान म्हणतात. "माझ्या पोरी आहेत त्या. उष्टं-खरकटं खातात बिचाऱ्या. मी टाकतो, त्या खातात. मला त्यातलं काय कळतंय?"

"तेच म्हणतोय मी. तुला काय कळतंय!"

संगमाची एक रीत होती. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं, सुंडल म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले चणे खायचे, कॉफी प्यायची आणि मग यजमानाने टाकीचे दिवे मालवायचे. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून सगळ्यांनी काचेला डोळे लावायचे. किड्यांना लाल उजेड दिसत नाही, म्हणून ते खुशाल बाहेर येतात आणि टाकीची खरी अब्रू कळते. दुसऱ्यांच्या घरी ही टॉर्च एकांबरमच्या हातात असायची. एकेक किडा मोजताना तो असा "च्च" करायचा की यजमानाच्या बायकोला स्वयंपाकघरात तोंड लपवावंसं वाटायचं.

त्या महिन्यात पाळी एकांबरमकडे होती. दिवे मालवण्याआधी त्याने पाऊण तास भाषण दिलं. जास्त खायला घालणारे आळशी, आळशी लोकांच्या टाकीत किडे, आणि किडे म्हणजे चारित्र्याचा दाखला, असा एकूण मुद्दा. माणिक्कम कोपऱ्यात सुंडलाची दुसरी वाटी संपवत मान डोलवत होता.

दिवे गेले. टॉर्च दातांच्या डॉक्टर पूंगोडीबाईंकडे होती.

"इथे एक आहे, सार," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"हा. आणि हा दुसरा. इथे तर... अय्यो."

लाल उजेडात वाळूवरून एक किडा सरकत गेला, मागोमाग चार, मग खडकाच्या प्रत्येक भोकातून एकेक तोंड. आणि सगळे बघत असताना समुद्रफुलाच्या पायातून, सासूबाई झोपल्या होत्या तिथून, चांगला वीतभर लांब, पेन्सिलीएवढा जाड एक बाहेर आला आणि सावकाश आपल्या वाटेने गेला.

अध्यक्षांची अशी फजिती बघायला मिळाली म्हणून आतून सगळ्यांना उकळ्या फुटत होत्या, पण तोंडं अशी केली होती जणू मयताला आलेत. फक्त माणिक्कमला आनंद लपवता येईना, आणि तो खरोखरचा निर्मळ आनंद होता, हेच तर जास्त झोंबणारं.

"अत्तान! तुमच्याकडे पण पोरी आहेत की! मी उगाच लाजत होतो इतकी वर्षं."

एकांबरमने फटकन दिवे लावले. "पोंगलला तू तो प्रवाळाचा तुकडा दिलास. त्यातून आलेत हे. तुझी घाण आहे ही."

"पोंगलला?" कोमळवल्ली ट्रे उचलत म्हणाली. "एवढ्यात इतका मोठा झाला? काय खायला घालता हो त्याला?"

पूंगोडीबाईंनी मध्यस्थी केली. "सार, राहू द्या त्यांना. मेलेलं, कुजलेलं तेवढंच खातात ते. खायला थोडं कमी टाका, म्हणजे आपोआप कमी होतील. फार वाटलं तर अधूनमधून दोन-चार उचलून काढा."

"तुमच्याकडे दाताला कीड लागलेला माणूस आला तर त्याला पण राहू द्या म्हणता का?"

"दातात कीड नसतेच मुळी, सार," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते नुसतं बोलायला."

आता या बाईला काय म्हणायचं! एकांबरमने तिला मनातल्या मनात माणिक्कमच्या शेजारी नेऊन बसवलं.

पण खरी गोष्ट फजितीची नव्हती. फजिती त्याने पचवली असती, म्हणजे सगळ्यांशी बोलणं बंद केलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढून तो वीतभर किडा जाईना. सासूबाईंच्या अंथरुणाखालून निघाला होता तो. सतरा वर्षांची म्हातारी मादी, झोपेत काय प्रतिकार करणार? सकाळी नुसता सांगाडा दिसला तर? किडे जिवंत माशाच्या वाटेला जात नाहीत हे त्याला वाचून ठाऊक होतं, पण लिहिणारे सगळे दुसऱ्या वर्गातले.

मग लढाई सुरू झाली. प्लॅस्टिकच्या नळीला बारीक भोकं पाडून आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा आणि दिवे मालवल्यावर ती वाळूवर सोडायची. सकाळी नळीत किड्यांचा गुंता मिळायचा. चिमट्याने तो उरलेले वेचायचा. एकदा घाईत बोटानेच धरायला गेला आणि किड्याचे केस बोटात घुसले. काचेची लोकर चोळल्यासारखी आग. कोमळवल्लीने चिकटपट्टी लावून ओढून केस काढले, व्हिनेगर चोळलं आणि वर म्हणाली, "सासूबाई चावतात, आता त्यांच्या मोलकरणी पण चावायला लागल्या. या घरात मीच काय ती गरीब."

नळीत रोज तेवढेच सापडत राहिले. रोज तेवढेच! जणू आत कुणी छापखाना टाकला होता. शेवटी त्याला परदेशातल्या कुणा मासे पाळणाऱ्याचं लिहिलेलं सापडलं. कुत्र्यांना जंतांसाठी देतात त्या गोळीची पूड टाकीत टाकली की किडे साफ. त्याच लेखाखाली दहा जणांनी 'असलं काही करू नका' म्हणून लिहिलं होतं. त्यांचं लिहिणं बघूनच एकांबरमने त्यांचा वर्ग ठरवला.

जनावरांच्या औषधांच्या दुकानातला माणूस गोळ्या काढता काढता म्हणाला, "कुत्रं कुठल्या जातीचं, सार?"

"कुत्रं नाही."

"मग मांजर?"

"तुला काय करायचंय? गोळी दे."

"वजनावर देतात, सार. वजन किती जनावराचं?"

"चारशे लिटर," एकांबरम म्हणाला.

दुकानदाराने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग ज्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही त्याच्याशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला, "एवढ्या मोठ्या कुत्र्याला जेवणानंतर द्या, सार."

संध्याकाळी एकांबरमने सोनाराच्या काट्यावर पूड तोलली. कोमळवल्ली दारात उभी होती.

"कुणाला विचारलंत का?"

"विचारू कुणाला? आहे कोण विचारण्यासारखं?"

"पूंगोडीबाई आहेत."

"तिला सांग दाढ काढायला."

पूड गेली. तासाभरात किडे खडकांतून पिळवटत बाहेर पडायला लागले. एकांबरम चिमट्याने उचलून वाडग्यात टाकत होता आणि हरखून गेला होता. वाडग्याचा फोटो काढून त्याने संगमाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'इच्छा असेल तर स्वच्छता शक्य आहे.' माणिक्कमने त्यावर दोन हात जोडलेले पाठवले. सासूबाई नेहमीसारख्या धावून आल्या, चावल्या. सगळं झकास होतं.

दुसऱ्या सकाळी कोमळवल्लीने त्याला नाकाला पदर लावून उठवलं. "अहो, उठा. घरात काहीतरी मेलंय."

टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. पाण्यातला फेस काढणारं यंत्र उतू जाऊन जमिनीवर घाण ओघळली होती. आणि खडक! खडकाच्या भोकाभोकांतून मेलेले किडे लोंबत होते. इडियाप्पमच्या शेवया पाडायला साचा दाबावा तसे. शेकडो, हजारो, कुठून कुठून. दोरीसारखे, धाग्यासारखे, केसासारखे. सतरा वर्षांचे खडक होते ते. सतरा वर्षं आतल्या आत हे सगळे राहत होते, सांडलेला प्रत्येक कण खात होते, आणि बाहेर एकांबरम काच पुसून भाषणं देत होता. आता सगळे जिथल्या तिथे कुजत होते.

त्याला ते कळलं. मूर्ख नव्हता तो, तेवढं तरी होतं म्हणायचं. पाण्यात अमोनिया किती चढला याची चाचणी केली तर नळीतला रंग पेटीवरच्या तक्त्यात बसेना. एवढा गडद रंग त्यांनी छापलाच नव्हता. समुद्रफूल आतलं बाहेर काढून पडलं होतं. सासूबाई वर पृष्ठभागाशी तोंड उघडून भराभरा श्वास घेत होत्या. त्यांचा नवरा खाली तिरका होऊन गिरक्या घेत होता.

"माणिक्कमला फोन केलाय," कोमळवल्ली म्हणाली. "तो जागा करून ठेवतोय. बादलीत घाला दोघांना आणि चला."

"त्याच्याकडे?"

"मग कुणाकडे? पाडी काय लंकेत आहे?"

"त्या गटारात घालू हिला? तो पाण्यात मीठ किती आहे ते पण बघत नाही. मी नवीन पाणी करतो."

"अहो, ती मरतेय!"

"मला शिकवू नकोस. मी करतो म्हटलं ना."

आणि तो पाणी करत बसला. मीठ विरघळायला वेळ लागतो, विरघळल्यावर पाणी बसायला वेळ लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? नवशिक्यांना हेच सांगून तो त्यांच्या अंगावर खेकसायचा. पिंप भरलं, मीठ ओतलं, ढवळलं, मोजलं, पुन्हा ओतलं. पिंपाचं पाणी दुधासारखं ढगाळलं आणि ढगाळलेलंच राहिलं. माणिक्कमचा दोनदा फोन आला. त्याने उचलला नाही. कोमळवल्लीने उचलला आणि नुसतं म्हणाली, "तुझे अत्तान पाणी करतायत." दुपारी नवरा-मासा तळाशी जाऊन पडला तो हललाच नाही. तेव्हा कुठे एकांबरमने बादली आणली.

रिक्षात तो बादली गुडघ्यांत धरून बसला. वर हवेचा छोटा पंप घुरघुरत होता. रिक्षावाला खड्ड्यातून गेला तेव्हा एकांबरम त्याच्यावर असा ओरडला की पुढच्या सिग्नलला त्याने मागे वळून विचारलं, "आत काय आहे, सार?"

"माझं माणूस आहे," एकांबरम म्हणाला.

माणिक्कमने सगळं तयार ठेवलं होतं. आक्रमक मासे वेगळे काढले होते, सकाळीच जाऊन ताजं समुद्राचं पाणी आणलं होतं, आणि माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून बारीक नळीने थेंब थेंब पाणी बादलीत सोडायची सोयही केली होती. इतकी वर्षं यडचाप वाटलेल्या माणसाला हे सगळं न सांगता सुचलं होतं. एक शब्दही तो टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. खोलीत लोण्याच्या बिस्किटांचा वास होता, आणि त्या गबाळ्या, शेवाळलेल्या टाकीत सगळं कसं जिवंत, गलेलठ्ठ, मजेत होतं.

सासूबाईंना आत सोडलं. त्या एका खडकाच्या आडोशाला गेल्या, थोडा वेळ सरळ उभ्या राहिल्या. एकांबरमने काचेवर बोट ठेवलं. त्यांनी बघितलं नाही. कल्ले जोरात हलत होते, मग मधूनमधून, आणि बेकरीत संध्याकाळचे पाव भट्टीतून निघायच्या सुमारास त्या आडव्या झाल्या.

माणिक्कम जाळी घेऊन पुढे आला. "अत्तान, तुम्ही बाहेर बसा जरा. पोरगा चहा देईल. मी काढतो हिला. मागे कढीपत्त्याचं झाड आहे, तिथे पुरू."

एकांबरमने त्याचा हात धरला. "राहू दे."

"अहो, इथे नको. तुम्हाला माहीत आहे ना... त्या येतील." वासावर खडकाच्या भोकांतून गुलाबी तोंडं डोकवायला लागलीच होती. माणिक्कमला बघवेना. "वय झालं होतं हो तिचं, अत्तान. सतरा वर्षं म्हणजे काय कमी झाली? मनाला लावून घेऊ नका."

"वय नव्हतं झालं," एकांबरम म्हणाला. "अजून पाच-सात वर्षं सहज जगली असती. सकाळी आणली असती तरी जगली असती. तुझ्या दारात यायला लाज वाटली मला. कळलं? लाज वाटली, म्हणून मेली ती." धरलेला हात त्याने खाली ढकलला. "ठेव ती जाळी. काढून पुरून नाटकं कशाला? त्यांना खाऊ दे."

माणिक्कमने जाळी भिंतीला टेकवून ठेवली. पावाचा रिकामा क्रेट उलटा करून एकांबरम टाकीसमोर बसला, डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही. पहिला किडा वाळूवरून तिच्या शेपटीपर्यंत पोचला तेव्हा माणिक्कमने तोंड फिरवलं. एकांबरम मात्र सगळं होईपर्यंत बघत बसला.